गादीवर लेक बसली, पण गादीचं काय?

‘आमच्या रूढीत हे बसत नाही’ असं कुणी म्हणालं की दोन प्रश्न विचारायला हवेत. ही रूढी कागदावर कुणी आणली? आणि ‘आमच्या’ म्हणजे नेमकं कुणाच्या? दक्षिण आफ्रिकेतल्या वालोयी जमातीचा खटला आपल्या कार्यकर्त्यांनी वाचावा तो यासाठी.

लिम्पोपो प्रांतातला हा त्सोंगा भाषिक समाज. प्रमुखाला ते ‘होसी’ म्हणतात. १९६८ मध्ये होसी फोफोझा न्वामित्वा वारले. मुलगा नव्हता. थोरली मुलगी तिन्यिको होती, पण गादी पुरुषाकडेच जाणार या नियमाने ती काकाकडे, रिचर्डकडे गेली. पुढे वर्णद्वेषी राजवट संपली, नवं संविधान आलं, आणि डिसेंबर १९९६ मध्ये राजघराण्यानेच ठराव केला की आता स्त्रीही होसी होऊ शकते, म्हणून गादी तिन्यिको शिलुबाना यांना द्यावी. २००१ मध्ये रिचर्ड वारले आणि त्यांचा मुलगा सिडवेल कोर्टात गेला.

प्रिटोरियाचं उच्च न्यायालय आणि त्यावरचं अपील न्यायालय, दोन्ही त्याच्या बाजूने गेले. युक्तिवाद तुम्हाला ओळखीचा वाटेल. बाई लग्न करून दुसऱ्या घरची झाली, तिची मुलं आपल्या वंशाची नाहीत, मग पुढे गादी कुणाची? म्हणजे बाईची लायकी नाही असं कुणी म्हणत नव्हतं, फक्त वंशाचा प्रश्न आहे म्हणत होते! पितृसत्ता इतकी सभ्य भाषा सहज बोलते.

४ जून २००८ रोजी संविधान न्यायालयाने हे निकाल फिरवले. जुना प्रघात बघायचाच, पण रूढी जिवंत असते आणि ती बदलण्याचा अधिकार त्या समाजाला आहे, असं न्यायालयाने सांगितलं. इथे थांबून बघा. न्यायालयाने रूढी बाहेरून मोडली नाही. ज्यांची रूढी, त्यांनीच ती संविधानाकडे बघून बदलली होती, आणि न्यायालय त्यांच्या मागे उभं राहिलं.

आता ‘कुणी कागदावर आणली’ या प्रश्नाकडे. १९२७ च्या कायद्याने गोऱ्या गव्हर्नर जनरलला ‘नेटिव्हां’चा सर्वोच्च प्रमुख करून टाकलं. प्रमुख नेमणं, काढणं त्याच्या हातात. नायजेरियात तर बहुतेक इग्बो गावांना असे प्रमुखच नव्हते. इंग्रजांनी सनद देऊन ते तयार केले. १९२९ मध्ये तिथल्या बायका त्याविरुद्ध उठल्या आणि गोळीबारात पन्नासहून अधिक जणी मारल्या गेल्या. ‘प्राचीन परंपरा’ म्हणून जे पुढे केलं जातं, त्यातलं बरंच सरकारी दप्तरातून आलेलं असतं.

आपल्याकडे १८७४ चा वतन कायदा होता. पिढीजात कामं त्याने कायद्यात बांधली, महारकीसुद्धा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात तो बदलण्यासाठी विधेयक मांडलं. होसीपद ही सत्ता आणि महारकी ही गुलामी, हा फरक मोठा आहे, विसरू नका. पण काम जन्माने ठरावं हे तत्त्व दोन्हीकडे एकच. म्हणूनच बाबासाहेबांनी महारकीत थोड्या सवलती मागून भागवलं नाही.

आणि इथेच माझा या निकालावरचा आनंद अर्धा होतो. मुलगी होसी झाली ते बापाची मुलगी म्हणून. त्याच गावातल्या शेतमजुराच्या मुलीला त्या खुर्चीचा रस्ताच नाही. वारस आजही राजघराणं ठरवतं, सरकार मान्यता देतं, मानधन देतं. जुन्या होमलँडच्या भागात जमिनीचं वाटप बऱ्याच ठिकाणी याच प्रमुखांच्या हातात आहे. २००३ च्या कायद्याने पारंपरिक परिषदेत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात म्हटलं, पण निवडून यायच्या जागा फक्त ४० टक्के. बाकी ६० टक्के लोक प्रमुख स्वतः निवडणार.

२०१९ मध्ये नवा कायदा आला, वाटणी हीच. २०२३ मध्ये संविधान न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांना पुरेसं विचारलंच नव्हतं. हा खटला लढवणाऱ्यांना कुठलीही गादी नको होती. ग्रामीण भागात जमिनीच्या आणि लोकशाहीच्या प्रश्नावर काम करणारे ते कार्यकर्ते आणि त्यांच्या संघटना होत्या.