टपातला दिवा कुणी पाहिला?

आपला पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्टा म्हणजे गाड्यांचं माहेरघर! पिंपरीत टेल्को (म्हणजे आताची टाटा मोटर्स), आकुर्डीत बजाज. मर्सिडीजने भारतातली पहिली गाडी १९९५ मध्ये जोडली तीही पिंपरीतच, आणि २००९ मध्ये बिऱ्हाड चाकणला हलवलं. आपल्या कॉलेजमधल्या कुणालाही विचारा, कुठल्या गाडीचं इंजिन किती सीसीचं हे तोंडपाठ असतं. पण १९९१ च्या टाटा सिएराच्या टपातला दिवा किती वॅटचा होता? पहिल्या चेतकच्या स्पीडोमीटरमध्ये उजेड कुठल्या रंगाचा पडायचा? आता कसं, सगळा कट्टा चिडीचूप!

"एवढ्याशा दिव्याचं काय घेऊन बसलात?" असं कुणीतरी म्हणेलच. माझं म्हणणं असं की जुनी गाडी मूळ रूपात आणण्याची खरी परीक्षा याच दिव्यापाशी होते. इंजिन सगळे जपतात, रंग सगळे शोधतात. आतला दिवा मात्र वायरमन जो देईल तो! मग बाहेरून साठ सालची देखणी गाडी आणि आत निळी एलईडी पट्टी, म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज.

कायदाही इथे कामाला येत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूप जपलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते, आणि तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. पण हा नियम मूळ रूप बघतो ते चासी, बॉडी आणि इंजिनाचं. बल्बची चौकशी त्यात नाही. ती करायची असेल तर आपणच करायची.

आणि ती करता येते! गाडी स्वतःच साक्ष देते, फक्त साफसफाईच्या आधी विचारावं लागतं. टपाच्या कापडावर जिथे दिवा होता तिथला भाग ऊन न लागल्यामुळे कमी विटलेला असतो, त्यावरून दिव्याचा आकार कळतो. दाराच्या खांबात छोटं भोक असेल, तर तिथे दार उघडताच दिवा लावणारं बटण असण्याची शक्यता आहे. ते फक्त पुढच्या दारांना आहे की चारही दारांना, हेही बघायचं. मग वायर. लुकासचं वायरिंग असलेल्या ब्रिटिश गाड्यांत रंगांची भाषा ठरलेली होती : जांभळी वायर म्हणजे फ्यूजमधून येणारा, किल्लीशिवाय चालू असणारा पुरवठा, लाल म्हणजे साइड लाइट आणि डॅशबोर्ड, काळी म्हणजे अर्थ. टपात जांभळ्या वायरचं तुटकं टोक सापडलं की अर्धा तपास झालाच!

रंगाच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. दिव्याचं पिवळं झाकण मुळात पांढरं असू शकतं, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने प्लॅस्टिक पिवळं पडतं. मीटर उघडून जिथे ऊन पोचलं नाही ती बाजू बघायची. खरा रंग तिथे लपलेला असतो.

पुढचा टप्पा कागदांचा. हँडबुकातला वायरिंगचा नकाशा आणि पार्ट्स कॅटलॉग. कॅटलॉगात 'अमुक चासी नंबरपर्यंत' अशी बारीक टीप असते, ती वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये मधेच भाग बदललेले असतात. "माझ्या काकांच्या गाडीत असाच दिवा होता" हा पुरावा नव्हे! प्रीमियर पद्मिनीचंच बघा. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. या टॅक्सींनी अर्धं आयुष्य चालकांच्या हौसेचे दिवे आणि सजावट मिरवली. अशा दहा टॅक्सी बघून मूळ दिवा ठरवायचा म्हणजे दहा जणांच्या जर्नल कॉप्या बघून मूळ रीडिंग शोधण्यासारखं आहे!

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. एलईडी कमी करंट खाते, जुन्या डायनॅमोवर ताण येत नाही, उजेडही भरपूर. हे सगळं खरं. पण १२ व्होल्ट, ५ वॅटचा जुना लांबट बल्ब जेमतेम ४५ ल्यूमेन उजेड देतो, तोही पिवळसर. त्या काळच्या माणसाने रात्री गाडीचं दार उघडल्यावर जे पाहिलं ते एवढंच. आपण आत ट्यूबलाइट लावली, तर गाडी राहील, तो काळ राहणार नाही. शिवाय एलईडीला उलटसुलट कळतं. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असे. तिथे आजचा साधा एलईडी बल्ब बसवला तर तो पेटेलच असं नाही. रोज गाडी चालवणाऱ्याने खुशाल एलईडी लावावी, पण जुन्याच होल्डरमध्ये, वायर न कापता. आणि जुना बल्ब पुडीत बांधून, चिठ्ठी लावून ठेवावा. उद्या कुणाला मूळ रूप हवं असेल तर वाट मोकळी राहिली पाहिजे.

हे आत्ताच का सांगतोय? कारण पुरावे झपाट्याने चाललेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखलीच्या कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली, त्यात भंगाराची कितीतरी गोदामं होती. कारवाई बरोबर की चूक हा वेगळा वाद, पण जुन्या वस्तू जिथे पडून राहतात अशा जागा कमी झाल्या हे नक्की. गाड्या जोडणारे हातही निवृत्त झालेत. निगडी-चिंचवडच्या सोसायट्यांत संध्याकाळी बाकावर बसलेल्या कितीतरी काकांनी आयुष्यभर लाइनवर काम केलंय. आपण त्यांना कधी काही विचारलं?

चेतक १९७२ मध्ये आली, म्हणजे तेव्हा नोंदवलेली चेतक २०२२ मध्येच पन्नाशीची झाली. सिएरा २०४१ मध्ये होईल. तेव्हा शोधाशोध करण्यापेक्षा आत्ताच एक मिनी प्रोजेक्ट का करू नये? एक जुनी गाडी घ्या, आतला प्रत्येक दिवा मोजा : व्होल्ट, वॅट, होल्डर, वायरचा रंग, झाकणाचं माप. फोटो काढा, चासी नंबरासकट नोंद करा आणि प्रत लायब्ररीत ठेवा. मेकॅनिकलवाले, इलेक्ट्रिकलवाले, दोघांनाही काम आहे. खर्च मल्टिमीटर आणि व्हर्निअरचा, आणि ते लॅबमध्ये पडूनच असतात!

गाड्या बनवणारं गाव म्हणून आपण मिरवतो. त्या गाड्यांची आठवण ठेवणारं गाव म्हणूनही मिरवू या की! बघा, पटतंय का.