प्रॅक्टिकलचे ३० मार्क 'पडतात' की मिळवायचे असतात?

बारावी सायन्स केलंय ना? मग खरं सांगा, ब्युरेट शेवटची कधी हातात धरली होती?

नांदूरघाटहून केज, अंबाजोगाई, नाहीतर थेट लातूर. आपल्याकडच्या सायन्सवाल्यांचा हा ठरलेला रूट. नाव कॉलेजात, जीव मात्र क्लासमध्ये. दोष पोरांचा नाही, गणितच तसं आहे. बारावीच्या केमिस्ट्रीत लेखीला ७० आणि प्रॅक्टिकलला ३० मार्क. पण 'नीट'च्या ७२० पैकी केमिस्ट्रीचे १८० मार्क ठरतात ते फक्त पर्यायांवर गोल काळे करून. मेडिकलच्या मेरिटमध्ये बारावीचे मार्क धरतच नाहीत, ते फक्त पात्रतेपुरते. मग लॅबमध्ये कोण कशाला थांबेल? गंमत म्हणजे 'नीट'च्या सिलॅबसमध्ये प्रॅक्टिकल केमिस्ट्रीचं युनिटही आहे. म्हणजे टायट्रेशन करायचं नाही, त्यावर टिकमार्क करायची!

माझं स्वतःचं जर्नल सीनियरचं बघून उतरवलेलं होतं. रीडिंगसकट. मार्क 'पडले', पण फ्लास्कमधला रंग बदलताना मी कधी नीट पाहिलाच नाही.

खरी पंचाईत पुढे होते. मेडिकलचा नंबर हुकला की बरेच जण बीएस्सीला येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला ३० तास लॅब. तिथे पहिल्याच आठवड्यात पिपेट हातात येते आणि हात थरथरतात.

'पण याचा उपयोग काय?' असं म्हणाल, तर घरातला हंडा बघा. बोअरच्या पाण्याने बुडाला पांढरा थर बसतो, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हे पाणी किती जड आहे, ते बीएस्सीच्या लॅबमधलं साधं ईडीटीए टायट्रेशन सांगतं. पाण्यात इंडिकेटर टाकला की रंग वाइनसारखा लाल, आणि शेवटच्या थेंबाला निळा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल, तर ६०० पर्यंत चालतो. आपल्या गावचा आकडा किती, हे शोधायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

म्हणून यंदा ॲडमिशन घेताना फी विचारून झाली की एक प्रश्न आणखी विचारा: 'सर, लॅब दाखवता का?' टेबलावर धूळ असेल, तर काय ते समजून जा. आणि लॅब चालू असेल, तर पहिल्या प्रॅक्टिकलला घरून बाटलीभर पाणी घेऊन जा.