रमाबाईंचा ख्रिस्त

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय आहे सत्याचा शोध. तो ठरला तेव्हा पहिले नाव पुढे आले पंडिता रमाबाईंचे. त्यांच्या धर्मांतरावर महाराष्ट्राने इतका वाद घातला, की त्या श्रद्धेने त्यांच्याकडून काय करवून घेतले हे पाहायचे राहूनच गेले.

दुष्काळाने आईवडील आणि थोरली बहीण नेली. भावासोबत पायपीट करीत त्या कलकत्त्याला पोहोचल्या आणि १८७८ मध्ये तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हणून गौरवले. पुढे धर्मशास्त्रे वाचली, तेव्हा स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाची वाट बंद असल्याचे त्यांना दिसले. नंतर त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनजवळच्या फुलहॅमला समाजाने टाकलेल्या बायकांची मायेने सेवा करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणी त्यांनी पाहिल्या आणि असे का, म्हणून विचारले. उत्तरादाखल, तुच्छ लेखल्या जाणाऱ्या शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची गोष्ट त्यांना ऐकायला मिळाली. १८८३ मध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अन्यायाला उत्तर शोधता शोधता त्या ख्रिस्तापर्यंत आल्या, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

बाप्तिस्म्यानंतरही त्यांचे प्रश्न थांबले नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच, या त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्या वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून कडकडून भांडल्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले, तेही त्यांनी मुकाट्याने मानले नाही. इकडे जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत रमाबाईंची बाजू घेतली.

खरी कसोटी लागली १८९७ मध्ये. रमाबाई भारतात परतल्या होत्या आणि पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग-इस्पितळात बायकांची कशी दैना होते, हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये आपल्या नावानिशी लिहिले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. बायका-मुलींसाठी त्यांनी चालवलेल्या आश्रमाला पैसा पुरवणारेही बहुतेक त्याच धर्माचे होते. सरकारने आरोप फेटाळले. तरीही, ज्या मुलींची जबाबदारी घेतली त्यांच्यासाठी बोलणे हे रमाबाईंच्या लेखी ख्रिस्ताचेच काम होते.

आज कोणत्याही धर्माचे लोक आपल्या माणसांचा अन्याय झाकायला किती चटकन धावतात! ख्रिस्ती समाजही याला अपवाद नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांना वेगळे काढणारी भिंत उभी राहिली. ज्याला क्रूसावर चढवले, त्याच्या नावाने जमणाऱ्यांनी ती उभारावी, हे मला सहन होत नाही. आणि ही भिंत बाहेरच्यांनी दाखवून द्यायची वाट पाहणे ही श्रद्धा नव्हे.

रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. अखेरपर्यंत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईलाही ते कळावे म्हणून.

वाचकहो, हा अंक वाचून झाला की आपल्या देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, विहारात जो अन्याय तुम्ही पाहिलात आणि ज्याबद्दल गप्प राहिलात, त्याविषयी आम्हाला लिहा. नावानिशी लिहा. आम्ही छापू.