बंद गाडीतली मुले नुसती गुदमरत नाहीत

जून 2023 मध्ये नागपूरच्या पाचपावली भागातली तीन लहान मुले खेळता खेळता दिसेनाशी झाली. अपहरणाच्या संशयावरून शोधाशोध झाली आणि दुसऱ्या दिवशी ती सापडली, घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत. एप्रिल 2024 मध्ये मुंबईत अँटॉप हिलला एका बेवारस गाडीत सख्खी भावंडे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात एका शेतमजूर कुटुंबाची चार मुले गेली, आणि मे 2025 मध्ये आंध्रातल्या विजयनगरम जिल्ह्यात आणखी चार. अशा बातम्यांमध्ये मृत्यूचे कारण बहुधा एकाच शब्दात उरकलेले असते: गुदमरून.

बालरोगतज्ज्ञ म्हणून आपण हा शब्द मुकाट्याने खपवून घेतो, आणि हे थांबले पाहिजे असे आम्हाला ठामपणे वाटते. मोटारीची केबिन हवाबंद नसते. दारांच्या फटींतून, वायुवीजनाच्या मार्गांतून हवा येत-जात राहते. उन्हातल्या गाडीत मुलाला प्राणवायू कमी पडायच्या कितीतरी आधी त्याच्या शरीराचे तापमान हाताबाहेर जाते. हा उष्माघात आहे. नाव चुकले की उपायही चुकतो. ‘हवा मिळाली की झाले’ असे मानणारे आई-वडील काच दोन बोटे खाली करतात आणि निर्धास्त मनाने दुकानात शिरतात.

काच किंचित उघडी ठेवल्याने काय होते, हे मोजून पाहिलेले आहे. 2005 साली ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मॅक्लारेन, नल आणि क्विन यांच्या अभ्यासात बाहेरचे तापमान 22 ते 36 अंश सेल्सिअस असलेले वेगवेगळे दिवस निवडले होते. तासाभरात गाडीतले तापमान सरासरी 22 अंशांनी वाढले. त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. याचे कारण साधे आहे. काचेतून आलेले ऊन डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि सीट तापवते आणि मग हे तापलेले पृष्ठभाग आतली हवा तापवत राहतात. अॅरिझोनात 2018 साली झालेल्या अभ्यासात उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड तासाभरात सरासरी 69 अंशांवर गेला होता. त्याच संशोधकांच्या गणिताप्रमाणे सावलीतल्या गाडीतही दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचे तापमान दोन तासांच्या आत घातक पातळीला पोहोचू शकते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल वेगळे सांगायला नको. अमरेलीची घटना नोव्हेंबरातली होती, हे मात्र विसरू नये.

मुलाचे शरीर प्रौढाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त, घाम कमी, आणि सीटच्या पट्ट्यात अडकलेल्या बाळाला जागेवरून हलताही येत नाही.

अमेरिकेत 1998 पासून दरवर्षी सरासरी 37 मुले अशी दगावतात. त्यांतली निम्म्याहून अधिक मुले गाडीत विसरली गेलेली असतात आणि साधारण चौथा हिस्सा स्वतःहून उघड्या गाडीत शिरलेल्यांचा असतो. आपल्याकडच्या बातम्या पाहिल्या तर हे चित्र उलटे दिसते. गल्लीत, गॅरेजसमोर, शेताच्या बांधावर कुलूप न लावता उभी असलेली गाडी आणि दुपारी मोठ्यांच्या नजरेआड खेळणारी मुले. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेले असेल तर ती आतून उघडत नाहीत. पुढच्या सीटवर जाऊन तिथले दार उघडायचे, हे चार वर्षांच्या मुलाला सुचत नाही. म्हणून अमेरिकेतली पत्रके भाषांतरित करून दवाखान्यात लावणे पुरेसे नाही. आपल्या पालकांना पहिली सूचना द्यायची ती उभ्या गाडीला कुलूप लावण्याची आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवण्याची. मूल दिसेनासे झाले की विहीर आणि पाण्याची टाकी पाहतात तसेच आजूबाजूच्या प्रत्येक गाडीत, डिकीसकट, ताबडतोब पाहायला हवे. मुलांना हॉर्न वाजवायला शिकवावे. बेवारस गाडीची बॅटरी उतरलेली असते, तिथे हॉर्नही कामाचा नाही. अशा गाड्या वस्तीतून उचलून नेण्यासाठी नगरपालिकेकडे तगादा लावणे हे आपल्या संघटनेच्या शाखांचे काम आहे.

विसरणे आपल्याकडे होत नाही असेही नाही. मे 2024 मध्ये कोट्यात एका लग्नाच्या ठिकाणी तीन वर्षांची मुलगी गाडीत राहिली. आईला वाटले ती वडिलांजवळ आहे, वडिलांना वाटले आईजवळ. अशा आई-वडिलांना ‘असे कसे विसरलात’ असे विचारणारा डॉक्टर आम्हाला अतिशय क्रूर वाटतो. रोजच्या सवयीची स्मृती आणि पुढे करायच्या कामाची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालते. थकवा किंवा अपुरी झोप असली, रोजचा क्रम बदलला, की सवय बाजी मारते. फ्लोरिडातले मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड डायमंड यांनी हे वर्षानुवर्षे मांडले आहे. इटलीने हे ओळखून चार वर्षांखालच्या मुलांच्या सीटला इशारा देणारे उपकरण कायद्याने सक्तीचे केले. आपल्याकडे निदान पाळणाघरे आणि बालवाड्या एवढे तरी करू शकतात: मूल न कळवता गैरहजर राहिले तर तासाभराच्या आत घरी फोन. शाळेच्या बसमधल्या मदतनिसाने शेवटचे मूल उतरल्यावर शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन प्रत्येक बाकाखाली पाहावे. सप्टेंबर 2022 मध्ये कतारमध्ये चार वर्षांची एक मल्याळी मुलगी बसमध्ये झोपून राहिली आणि दगावली.

आता आपल्या टेबलावरचे. असे मूल जिवंत आले तर आधी थंड करा, रुग्णवाहिका नंतर. काखेतल्या तापमानावर विसंबू नका, गुदाशयातले मोजा. 40 अंशांच्या वर तापमान आणि भान हरपलेले किंवा झटके येत असलेले मूल, म्हणजे उष्माघात. कपडे काढा, अंग ओले करा, जोराचा पंखा लावा, मान, काख आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा, आणि अर्ध्या तासात तापमान 39 च्या खाली आणा. साडेअडतीसच्या आसपास थांबा, नाहीतर मूल गारठते. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप मेंदूने वाढवलेला नाही, त्यामुळे औषधाचा उपयोग शून्य, आणि आधीच होरपळलेल्या यकृतावर भार मात्र पडतो. रक्तातली साखर लगेच तपासा. मूल डोळे उघडून आईला ओळखू लागले तरी घरी सोडू नका. यकृत, मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची यंत्रणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढासळू शकते.

मूल गेलेलेच आले तर शवविच्छेदन करणाऱ्या सहकाऱ्याशी स्वतः बोला. उष्माघातात शवविच्छेदनात ठोस असे काही सापडत नाही. थायमस आणि फुप्फुसावरच्या आवरणावर सूक्ष्म रक्तस्राव दिसतात, तसेच ते श्वास कोंडल्यावरही दिसू शकतात, आणि ‘गुदमरून’ हा निष्कर्ष तिथेच सहज लिहिला जातो. निदान परिस्थितीवरून होते. ती परिस्थिती त्याच दिवशी नोंदवली नाही तर पुन्हा कधीच मिळत नाही.

अमेरिकेतली आकडेवारी कोणा सरकारी खात्याने उभी केलेली नाही. जॅन नल या हवामानशास्त्रज्ञाने बातम्या चाळून ती जमवली. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत उष्माघाताचे मृत्यू मोजले जातात, बंद गाडीतली मुले मात्र वेगळी मोजली जात नाहीत. ही नोंद आपण सुरू करू शकतो. अशी घटना आपल्या तालुक्यात घडली तर मुलाचे नाव-गाव वगळून आम्हाला एवढे कळवा: वय, महिना आणि वेळ, गाडी उन्हात होती की सावलीत, काचा किती उघड्या होत्या, मूल स्वतः आत गेले होते की विसरले गेले होते, किती वेळाने सापडले, सापडले तेव्हाचे शरीराचे तापमान आणि प्रमाणपत्रावर लिहिलेले कारण. वाचलेल्या मुलांचीही हीच माहिती हवी आहे, किंबहुना ती अधिक हवी आहे.