भाकरी कोणी थापावी?

भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे पौष्टिक तृणधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. परंतु ज्वारी हेच ज्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न, त्या धाराशिव जिल्ह्यातील सुशिक्षितांच्या ताटातून भाकरी हद्दपार होऊ लागली आहे! शेतात सोयाबीन आले, न्याहारीला मैद्याचे बिस्कीट आले. वास्तविक मैद्याहून ज्वारीत तंतुमय अंश कितीतरी अधिक. जोडीला तुरीचे वरण व पालेभाजी असली म्हणजे सकस जेवण झाले. ज्वारी पूर्वीसारखी स्वस्त उरली नाही, हे खरे. पण खरी अडचण श्रमांची आहे. कचेरीतून थकून आलेल्या गृहिणीने एकटीनेच भाकऱ्या का थापाव्यात? पुरुषांनीही परातीस हात लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आरोग्य साऱ्या घराचे, तर श्रमही साऱ्या घराचेच असले पाहिजेत.