रात्रपाळीला दुसरं माणूस द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राष्ट्रीय कृती दल नेमलं. केंद्राने पत्रक काढलं की कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवावा. पत्रक चांगलंच आहे. फक्त ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठं रुग्णालय होतं, जिथे अधिष्ठाता असतो, सुरक्षा अधिकारी असतो, निवासी डॉक्टरांची संघटना असते. माझी अधिपरिचारिकेची नोकरी तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयांत गेली. तिथे संस्थाप्रमुख बरेचदा 'प्रभारी' असतात, आणि प्रभारींकडे आणखी एका रुग्णालयाचा कार्यभार असतो.

अशा ठिकाणची नाइट कशी असते, ते थोडक्यात सांगते. वॉर्ड, कॅज्युअल्टी आणि लेबर रूम मिळून सिस्टर एक. डॉक्टर ऑन कॉल. मामा किंवा मावशी असल्या तर नशीब. बाजाराच्या दिवशी रात्री दारू पिऊन मारामारी केलेले दोन गट येतात, दोघांनाही आपली एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, आधी हवी असते. त्याच वेळी आत बाई कळा देत असते. सिस्टरने टाके घालायची तयारी करायची, की बाळंतिणीजवळ थांबायचं, की कोलॅप्सिबल गेट ओढून कुलूप लावायचं? गेट लावलं तर "दवाखाना बंद ठेवला" म्हणून सकाळी तक्रार होते, आणि नाही लावलं तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त राग निघतो तो "पुढे न्या" या दोन शब्दांवर. भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, म्हणून रेफर करावं लागतं. १०८ ला फोन लावावा, तर गाडी दुसऱ्या केसला गेलेली असते. नातेवाईक विचारतो, "मग तुम्ही इथं कशाला बसलाय?" प्रश्न रास्तच आहे, पण तो ज्यांना विचारायचा ते रात्री दीड वाजता त्याच्या हाताला लागत नाहीत. हाताला लागते ती सिस्टर. रिकाम्या पदांचा सगळा जाब हजर असलेल्या माणसाकडून वसूल होतो, हे साहेब, कोणत्याही दंडाच्या कलमाने थांबणार नाही.

कलमं आपल्याकडे आहेतच. महाराष्ट्राने २०१० सालीच वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय नुकसानीची दुप्पट भरपाई. दवाखान्याच्या भिंतीवर त्याचा फलकही असतो. पण फिर्याद द्यायची कोणाविरुद्ध? ज्या गावात भाड्याने राहायचं, जिथल्या किराणा दुकानात रोज जायचं, त्याच गावातल्या माणसाविरुद्ध. फिर्यादी कंत्राटी असेल तर पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची धास्ती वेगळीच. त्यामुळे प्रकरण चहा पाजून मिटतं.

मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. राज्यभर निवासी डॉक्टरांनी काम थांबवलं, आणि सरकारने अकराशे सुरक्षा रक्षक देण्याचं कबूल केलं. ते कुठे द्यायचे होते? वैद्यकीय महाविद्यालयांत. ती वैद्यकीय शिक्षण खात्याची, आणि ग्रामीण रुग्णालयं आपल्या खात्याची. संप करायला तीनशे निवासी डॉक्टर असतात तिथे रक्षक पोचतो. दोन सिस्टर आणि एक मामा यांनी संप केला तर दवाखान्याला नुसतं कुलूप लागतं.

मार बसला तर निदान बातमी होते, सुई टोचली तर तीही होत नाही. वीज गेलेली, मोबाइलचा टॉर्च नातेवाइकाच्या हातात, आणि टाके घालताना सुई बोटात जाते. एचआयव्ही टाळण्याचं औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू करावं लागतं. औषध कपाटात असतं, आणि कपाटाची किल्ली इन्चार्जच्या घरी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची आहे, वर्षातून एकदा तपासणी करायची आहे. लाल-पिवळ्या पिशव्या उचलणाऱ्या मावशी ठेकेदाराच्या. हेपॅटायटिस बीचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात, आणि तेवढ्यात ठेकेदार बदलतो.

आणि आगी. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षात दहा बाळं गेली. पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी अकरा रुग्ण गेले. अटक झाली एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. कुणाची चूक किती, ते न्यायालय ठरवेल. पण वायरिंगचं ऑडिट आणि आग विझवण्याची यंत्रणा या गोष्टी ड्यूटीवरच्या सिस्टरच्या अखत्यारीत कधीच नव्हत्या, हे आपणही मान्य कराल. जिला मनुष्यबळाच्या तक्त्यात धड जागा नसते, तिचं नाव आरोपींच्या यादीत मात्र बिनचूक सापडतं.

हल्ले थांबावेत म्हणून सीसीटीव्हीच्या घोषणा पुष्कळ झाल्या. कॅमेरा मार खाल्ल्याचा पुरावा देतो, मार थांबवत नाही. माझं मागणं त्याहून साधं आहे. ग्रामीण रुग्णालयात आणि प्रसूती होणाऱ्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटी परिचारिका ठेवू नये, असा शासन निर्णय काढा. दुसरं माणूस नसेल त्या रात्रीची जबाबदारी ड्यूटी लावणाऱ्या अधिकाऱ्यावर टाका. हल्ल्याची फिर्याद पीडित कर्मचाऱ्याने नव्हे, तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाने द्यावी, म्हणजे गावाशी वैर सिस्टरच्या पदरी येणार नाही. सुई टोचल्यावरच्या औषधाचा पहिला डोस लेबर रूममध्येच असावा, किल्लीशिवाय. आणि ठेकेदाराच्या माणसांचं लसीकरण खात्याने स्वतःच्या नोंदवहीत घ्यावं.

पैसा लागेल तो फक्त पहिल्या मागणीला. बाकीच्यांना आपली एक सही पुरे.

कळावे,

एक निवृत्त अधिपरिचारिका