जुलाब थांबतात, जंतू शिकतात

पोट बिघडले की आपल्याकडे डॉक्टरच्या आधी औषधाचे दुकान आठवते. ‘जुलाब होताहेत, काहीतरी द्या’ एवढे म्हटले की काउंटरवरून चार गोळ्या पुढे येतात. त्यात बहुधा नॉरफ्लॉक्सॅसिन-टिनिडॅझोल किंवा ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल यांसारखी जोडगोळी असते. हेतू असा की, जीवाणू असेल तर तोही मरावा आणि अमीबा असेल तर तोही. दोन दिवसांत रुग्णाला बरे वाटते आणि श्रेय गोळीला मिळते. वास्तविक बहुतेक जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. गोळी घेतली नसती तरी ते थांबलेच असते. या गैरसमजाची किंमत गोळ्यांच्या पैशांपुरतीच असती तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण ती किंमत दुसराच कोणीतरी मोजतो आहे.

लहान मुलांच्या जुलाबांत विषाणूंचा वाटा मोठा असतो. रोटाव्हायरस हा त्यातला सर्वांत परिचित, म्हणूनच २०१६ पासून त्याची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. विषाणूवर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नसतो. जीवाणूंमुळे होणाऱ्या साध्या जुलाबांतही शरीर बहुधा स्वतःच निभावून नेते. अगदी कॉलऱ्यातही जीव वाचवते ते पाणी आणि क्षार. प्रतिजैविक तिथे आजाराचा काळ कमी करते, इतकेच. प्रतिजैविकाची खरी गरज असते ती मोजक्या रुग्णांना: रक्ती आव झालेले मूल, कॉलऱ्याने गंभीर झालेला माणूस, टायफॉइडचा रुग्ण, प्रतिकारशक्ती क्षीण झालेली व्यक्ती. त्यांच्यासाठी हे औषध जीवनमरणाचा प्रश्न असतो. आणि ज्यांना गरज नाही त्यांच्यासाठी वापरून वापरून आपण तेच औषध बोथट करत आहोत.

ही बोथट होण्याची प्रक्रिया कशी चालते, हे जगाला प्रथम आमांशाच्याच जंतूने शिकवले. १८९७ मध्ये जपानमध्ये रक्ती आवेची मोठी साथ आली. तिचा कारक जीवाणू कियोशी शिगा यांनी शोधला. त्यांच्याच नावावरून तो ‘शिगेला’ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने या आजारावर सल्फा औषधांचा सढळ वापर केला. सुरुवातीला गुण आला, पण काही वर्षांतच बहुतांश शिगेला सल्फाला दाद देईनासे झाले. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही नवी औषधे आली. १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्णात असा शिगेला सापडला, जो या चारही औषधांना पुरून उरत होता.

शास्त्रज्ञांना हे कोडे पडले. एका औषधाविरुद्धचा बदल जंतूत योगायोगाने घडू शकतो, पण चार औषधांविरुद्ध एकदम? शिवाय त्याच रुग्णांच्या आतड्यात नेहमी वास्तव्याला असणाऱ्या निरुपद्रवी ई. कोलायमध्येही नेमका तोच प्रतिरोध दिसत होता. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा या जपानी संशोधकांच्या कामातून उत्तर मिळाले. हे दोन वेगळ्या जातींचे जीवाणू शेजारी आले की प्रतिरोधाची जनुके एकमेकांना देत होते. या देवाणघेवाणीचे साधन म्हणजे प्लास्मिड, जीवाणूच्या पेशीतली डीएनएची एक छोटीशी स्वतंत्र कडी. परीक्षेत एकाने उत्तरांची चिठ्ठी लिहावी आणि ती बाकाबाकांवरून पुढे सरकावी, तसाच हा प्रकार. अभ्यास एकाने केला तरी उत्तीर्ण सगळेच होतात.

म्हणून जुलाबावर घेतलेली अनावश्यक गोळी फक्त जुलाबाच्या जंतूपुरती राहत नाही. आतड्यात अब्जावधी जीवाणू नांदत असतात. सुक्याबरोबर ओलेही जळते, तसे गोळीने त्यातले बिनउपद्रवी आणि उपयोगी जीवाणूही मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात ते गोळीला न जुमानणारे. फिनलंडमधील संशोधकांनी परदेशप्रवासाला गेलेल्या ४३० जणांची तपासणी करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी ज्यांना जुलाब झाले नाहीत आणि ज्यांनी प्रतिजैविकही घेतले नाही, अशांपैकी २३ टक्के लोक आतड्यात प्रतिरोधक जीवाणू घेऊन परतले. जुलाब झाले पण प्रतिजैविक घेतले नाही, त्यांच्यात हे प्रमाण ४७ टक्के होते. आणि जुलाबावर प्रतिजैविक घेतलेल्यांमध्ये तब्बल ८० टक्के. पाहुण्यांची ही स्थिती असेल, तर इथेच राहणाऱ्या आणि वर्षातून दोन-तीनदा अशा गोळ्या घेणाऱ्या माणसाचे आतडे कसे असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

याचे परिणाम आपल्या देशाने भोगलेले आहेत. १९८४ मध्ये पश्चिम बंगालमध्ये शिगेलाची भीषण साथ आली तेव्हा जुनी औषधे निकामी ठरली होती आणि भिस्त नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडवर होती. पुढे तेही निष्प्रभ झाले आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. २००२ मध्ये त्याच राज्यात, सिलिगुडी परिसरात, सिप्रोफ्लॉक्सॅसिनलाही न जुमानणारा शिगेला उभा राहिला. आता डॉक्टरांच्या हाती उरतात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधे, आणि त्यांनाही प्रतिरोध दिसू लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या धोकादायक प्रतिरोधक जीवाणूंच्या यादीत शिगेला वरच्या गटात आहे, तो यामुळेच.

दूषित पाण्यातूनच पसरणाऱ्या टायफॉइडची कहाणी वेगळी नाही. २०१६ मध्ये पाकिस्तानातील सिंध प्रांतातल्या हैदराबादेत अशा टायफॉइडची साथ सुरू झाली, ज्यावर तोंडाने घेण्याचे एकच भरवशाचे औषध उरले होते, अ‍ॅझिथ्रोमायसिन. त्या जंतूला हे बळ देणारे प्लास्मिड बहुधा ई. कोलायकडून आले होते. म्हणजे १९५९ चाच धडा. पाकिस्तानने २०१९ मध्ये टायफॉइडची नवी लस नियमित लसीकरणात आणली. आपल्याकडे नवी मुंबई महापालिकेने त्याआधीच, २०१८ मध्ये, मुलांसाठी या लसीची मोहीम राबवली होती. टळलेल्या प्रत्येक आजाराबरोबर एक प्रतिजैविकही वाचते, हे धोरणकर्त्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

विशेष म्हणजे, जुलाबावरचा सर्वांत प्रभावी उपचार आपल्याच मातीत सिद्ध झाला आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्युदर तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांखाली आला. यामागचे शास्त्र सोपे आहे. कितीही जुलाब होत असले तरी साखरेबरोबर क्षार शोषून घेण्याची आतड्याची वाट उघडी राहते आणि क्षारांमागोमाग पाणी शरीरात जाते. हीच जलसंजीवनी. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पण त्यांचे काही रुपयांचे पुडके अजूनही अनेकांना ‘खरे औषध’ वाटत नाही. डॉक्टरने केवळ जलसंजीवनी आणि झिंक लिहून दिले, तर ‘औषध काहीच दिले नाही’ अशी तक्रार होते. त्या तक्रारीच्या धास्तीने चिठ्ठीवर प्रतिजैविक चढते.

ही साखळी तोडायची तर जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकून भागणार नाही. सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके २०१४ पासून ‘एच-वन’ अनुसूचीत आहेत. ती विकताना डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहिणे बंधनकारक आहे. या नोंदवह्या खरोखर तपासल्या जातात का, हे अन्न व औषध प्रशासनाने जनतेला सांगावे. केरळने २०१८ मध्येच प्रतिजैविकांबाबत राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा आणला आणि २०२४ मध्ये चिठ्ठीविना विक्री करणाऱ्या दुकानांवर छापे घातले. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात शौचाचे कल्चर करण्याची सोय आणि त्या भागात कोणते औषध अजून चालते याची दरवर्षी प्रसिद्ध होणारी माहिती, एवढे मिळाले तरी डॉक्टरांना अंधारात तीर मारावे लागणार नाहीत. प्रश्न माणसांच्या औषधांपुरताही नाही. कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या एन्रोफ्लॉक्सॅसिनमुळे कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू प्रतिरोधक होतो, म्हणून अमेरिकेने २००५ मध्ये त्या वापरावर बंदी आणली.

हाच कॅम्पिलोबॅक्टर पुणेकरांना २०२५ च्या जानेवारीत परिचित झाला. सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हा जंतू आढळला. चर्चा पुन्हा पाण्यापाशी येऊन थांबली. ते साहजिकच होते. सांडपाण्याच्या शेजारून जाणारी फुटकी जलवाहिनी ही प्रतिरोधक जंतूंची हमरस्त्यासारखी वाट असते. क्लोरिनयुक्त शुद्ध पाण्याला मात्र जंतूंचा प्रतिजैविकांविरुद्धचा प्रतिरोध अडवू शकत नाही. म्हणून जलवाहिन्यांवरचा खर्च हा औषधांवरचाच खर्च समजायला हवा.

घरात करण्यासारखे बरेच आहे. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी सुरू करावी, पुडक्यावर लिहिलेल्या मापानेच पाणी घ्यावे. बाळाचे स्तनपान थांबवू नये. पेज, वरणभात, ताक चालू ठेवावे. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस झिंक द्यावे. शौचातून रक्त, जोराचा ताप, न थांबणाऱ्या उलट्या, खोल गेलेले डोळे, लघवी बंद होणे किंवा गुंगी दिसली तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मात्र डब्यातून काढू नयेत. आणि डॉक्टरने प्रतिजैविक लिहून दिले नाही, तर त्याने उपचार टाळला असे समजू नये. कुठल्या तरी गावात रक्ती आवेने तळमळणाऱ्या मुलासाठी त्याने एक औषध राखून ठेवलेले असते.